कात्री कुठं चाललीय ते बघून ग्राफिक्स कार्ड घ्या

कॉम्प्युटरवर गेमचं चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने एनव्हिडिया या कंपनीने अशी दोन निराळी कार्डं विकली आहेत. पहिलं जानेवारी २०२२ मध्ये आलं: ८ जीबी मेमरी, २५६० कोअर (हिशेब करणारे चिपचे छोटे भाग), १२८ बिटची मेमरी बस (मेमरीतून कोअरकडे माल नेणारी वाट), १३० वॅट. दुसरं फेब्रुवारी २०२४ मधलं: ६ जीबी, २३०४ कोअर, ९६ बिटची बस, ७० वॅट. खोक्यावर ठळक दिसतो तो ८ आणि ६ एवढाच फरक. घेणाऱ्याला वाटतं, मेमरी दोन जीबीने कमी, एवढंच ना! प्रत्यक्षात कोअर घटलेत, बस अरुंद झालीय आणि वेगही उतरलाय. तरीही काही कॉम्प्युटरांना हे दुसरं, जास्त कापलेलं कार्डच चपखल बसतं. कमी पैशांत कार्ड निवडण्याची सगळी मेख यातच आहे.

ही काटछाट होते कशी? ग्राफिक्स चिप सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर ओळीने छापल्या जातात. धुळीचा बारीकसा कण किंवा छपाईतली किंचित चूक एखाद्या चिपचा कोपरा निकामी करते. पण ग्राफिक्स चिपमध्ये एकाच नमुन्याच्या कोअरचे गट शेजारी शेजारी मांडलेले असतात, त्यामुळे बिघडलेला गट बंद करून उरलेली चिप विकता येते. जीए१०६ ही चिप पूर्ण असेल तर तिच्यात ३८४० कोअर भरतात. आरटीएक्स ३०६० मध्ये त्यातले ३५८४ चालू ठेवले, पहिल्या ३०५० मध्ये २५६०. कधी भाग खरंच बिघडलेला असतो, कधी बाजाराला स्वस्त माल हवा म्हणून धडधाकट भागही बंद केला जातो. यात फसवणूक काही नाही, चिपच्या धंद्याची रीतच ती. पण म्हणूनच बजेट कार्ड म्हणजे कुठून तरी कापलेलं कार्ड, हे गृहीत धरून चालावं. कात्री कोअरवर चालते, मेमरीवर चालते, बसवर चालते किंवा कार्डाकडून मदरबोर्डकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाकडे, जाणाऱ्या वाटांवर, लेनवर चालते. यातलं काय आपल्याला जाचेल, हे आपल्या कॅबिनेटमध्ये आधीपासून काय बसलंय त्यावर ठरतं.

आधी कामाचा आवाका बघू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेलचा रंग ठरवायचा, आणि एका फ्रेमसाठी हातात वेळ १६.७ मिलिसेकंदांचा. सुदैवाने एका पिक्सेलचा हिशेब बहुतांशी शेजारच्या पिक्सेलवर अवलंबून नसतो. म्हणून मोजक्या हुशार कोअरऐवजी हजारो साधे कोअर एकाच वेळी कामाला लावता येतात. पडदा १४४० पीचा घेतला की पिक्सेल ३६,८६,४०० होतात, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त. कार्डाबरोबर मॉनिटरही बदलायचा विचार असेल तर हे गणित आधी करा; नाहीतर नव्या कार्डाची सगळी कमाई नवा पडदाच खाऊन टाकतो.

आता बस. कोअर कितीही असले तरी त्यांना माल वेळेवर पोचायला हवा. लग्नाच्या मांडवात पुऱ्या लाटायला पंचवीस जणी बसवल्या आणि कणकेचे गोळे करून देणारी एकटीच असली, तर चोवीस जणी हातावर हात धरून बसणार. बसची रुंदी बिटमध्ये घ्या, तिला मेमरीच्या वेगाने गुणा, आठने भागा. सेकंदाला किती जीबी माल पोचतो ते कळतं. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० ची बस १९२ बिटची आणि वेग १५ गिगाबिटचा, म्हणजे ३६० जीबी. पुढे याच ३०६० ची ८ जीबीची आवृत्ती निघाली. कोअर तेच ३५८४, नाव तेच, पण बस १२८ बिटची. गुणाकार केला तर २४०. मालाचा एकतृतीयांश ओघ आटला आणि नावात त्याचा मागमूस नाही.

अरुंद बस म्हणजे कार्ड वाईट, असंही सरसकट म्हणता येत नाही. एएमडीच्या आरएक्स ६६०० ला १२८ बिटची बस आणि सेकंदाला २२४ जीबी एवढाच ओघ आहे, पण चिपमध्येच ३२ एमबीची कॅश, म्हणजे हाताशी राहणारी छोटी मेमरी, ठेवलीय. पुन्हा पुन्हा लागणारा माल तिथेच सापडतो, मेमरीपर्यंत हेलपाटे कमी होतात. फुल एचडीला ही युक्ती छान चालते. रिझोल्युशन, म्हणजे पडद्यावरचे पिक्सेल, वाढवलं की कॅश अपुरी पडू लागते आणि अरुंद बस उघडी पडते.

व्हीरॅमचं, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचं, दुखणं वेगळं. ती पुरेशी असेल तोवर जास्त असून वेग वाढत नाही. अपुरी पडली की मात्र कार्ड कोसळतं. भिंतींचे, कपड्यांचे, गवताचे टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायची चित्रं, तिथे रचून ठेवलेले असतात. जागा संपली की उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि प्रत्येक वेळी मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस लेनमधून आणावा लागतो. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला जेमतेम १ जीबी वाहते, चौथ्या पिढीची साधारण दुप्पट.

हे आकडे कसे चावतात, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. जानेवारी २०२२ मध्ये, कार्डांचा दुष्काळ असताना, १९९ डॉलर किमतीला ते आलं. मेमरी ४ जीबी, बस ६४ बिटची, आणि लेन फक्त चार. नव्या मदरबोर्डवर चौथ्या पिढीच्या चार लेन म्हणजे सेकंदाला ८ जीबीच्या आसपास, निभावून जातं. पण स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा मदरबोर्ड बहुधा जुना, तिसऱ्या पिढीचा. तिथे तेच कार्ड ४ जीबीवर येतं. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देते. ती भरली की पुढचा माल त्याच्या छत्तिसाव्या हिश्शाने येतो. जुन्या बोर्डावर हे कार्ड ठळकपणे मागे पडतं, हे तेव्हाच्या चाचण्यांत लगेच दिसून आलं. ज्याच्यासाठी काढलं त्याच्याच घरी ते सगळ्यात वाईट चालतं! मेमरीवर कात्री चालली असती तर एक वेळ चाललं असतं, लेनवर चालली असती तरी चाललं असतं. दोन्हीकडे एकदम चालली आणि कार्ड आपटलं.

एक ओळखीची जोडणी घेऊ: इंटेल आय५ ९४०० एफ, जीटीएक्स १६५०, १६ जीबी रॅम, फुल एचडी मॉनिटर. २०१९ च्या सुमारास बजेटात बसणारी ही जोडणी आजही कित्येक घरांत चालू आहे. इथे कार्ड बदलायचंय. पण गेम अडकतोय तो कार्डामुळेच का, हे आधी बघा. नेहमीचा गेम लावा, रिझोल्युशन ७२० पीवर आणा. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, झपाट्याने वाढले तर कार्ड कमी पडतंय. जागचे हलले नाहीत तर अडसर प्रोसेसरचा आहे, आणि नवं कार्ड घालून हाती काही लागणार नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये असं हमखास दिसतं. १६ जीबी रॅम एकाच कांडीत असेल तर तेही बघा. दोन कांड्या लावल्या की प्रोसेसरला दुहेरी वाट मिळते आणि तो खर्च कार्डापुढे किरकोळ असतो.

समजा दोष कार्डाचाच निघाला. हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्या लेनवाला. आरएक्स ६६०० ला लेन आठ, म्हणजे इथे सेकंदाला जवळपास ८ जीबी. पण कार्डावर मेमरी ८ जीबी असल्यामुळे त्या वाटेवर गर्दी कमी होते आणि बहुतेक गेममध्ये फारसं बिघडत नाही. १२ जीबीचं ३०६० चांगल्या अवस्थेत सेकंडहँड मिळालं तर त्याला सोळाच्या सोळा लेन आहेत. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर या दोघांनाही मागे टाकतं: १२ जीबी, १९२ बिट, सेकंदाला ४५६ जीबी, डिसेंबर २०२४ ची किंमत २४९ डॉलर. नव्या मशीनसाठी मी ते आनंदाने सुचवेन. या मशीनसाठी अजिबात नाही. त्याला रिसायझेबल बार ही सोय लागते, म्हणजे प्रोसेसरला व्हीरॅम तुकड्यातुकड्यांनी न दिसता सलग दिसावी लागते, आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगते; आपला ९४०० एफ नवव्या पिढीचा. शिवाय त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरवर जास्त बोजा टाकतो; जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं, हे २०२५ च्या सुरुवातीला अनेक परीक्षकांच्या लक्षात आलं.

दुकानात कोणी फारसं बोलत नाही ती गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची. कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकतं. सहा पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं नुसत्या स्लॉटवर चालतात, म्हणजे त्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसची खरी परीक्षा कधी झालेलीच नसते. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून त्याचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. आरएक्स ६६०० ला लागतात १३२, प्रोसेसरचे ६५ धरा, बेरीज १९७. पंखे आणि डिस्क अजून मोजल्याच नाहीत, आणि कार्डाचा वीजवापर क्षणार्धात ठरलेल्या आकड्याच्या वर उसळतो तो वेगळाच. मग ऐन लढाईत कॉम्प्युटर पटकन बंद पडतो आणि दोष नव्या कार्डाला जातो. आठ पिनची वायरच नसेल तर हार्ड डिस्कच्या जुन्या वायरला कन्व्हर्टर जोडून वेळ मारून नेण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. कार्डाच्या बजेटातच एसएमपीएसचे पैसे धरावेत.

आणि इथेच ते ७० वॅटचं, ६ जीबीचं ३०५० कामाला येतं. कंपन्यांनी काढून टाकलेले, ठाकठीक करून विकले जाणारे ऑफिसचे कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात. त्यांचा एसएमपीएस छोटा, बहुतेकदा कंपनीच्या खास मापाचा, कार्डासाठी जादा वायर नाही. अशा डब्यात आठ पिनचं कार्ड घालायला गेलात तर सगळा संसारच बदलावा लागेल. हे कार्ड नुसत्या स्लॉटवर चालतं आणि बुटक्या कॅबिनेटसाठी त्याची अर्ध्या उंचीची मॉडेलंही मिळतात. बाकी कुठल्याही मशीनसाठी मात्र मी ते घेणार नाही.

विजेवरून आठवलं. चिपचा वीजवापर साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे चिपचा तो खर्च जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी. प्रत्येक चिपला एवढं जमेलच असं नाही, पण कंपन्या सगळ्या चिपना पुरेल असं थोडं चढं व्होल्टेज ठेवतात, त्यामुळे वाव बहुधा असतो. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही फुकटची थंडाई सोडू नये.

परीक्षणं वाचताना नुसता सरासरी एफपीएस बघून भुलू नका. एका सेकंदात ५५ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदांत आल्या आणि ५ फ्रेमना प्रत्येकी १०० मिलिसेकंद लागले, तर एकूण ६० फ्रेम, सरासरी झकास. पण खेळणाऱ्याला सेकंदात पाच वेळा ठेच लागते. म्हणून ‘एक टक्का लो’ हा आकडा बघा. सगळ्यात संथ फ्रेम कशा होत्या, हे तो सांगतो. व्हीरॅम अपुरी पडल्याची खूण तिथेच आधी दिसते.

कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करणाऱ्या डीएलएसएस, एफएसआर वगैरे तंत्रांचा आधार जरूर घ्यावा. फुल एचडीच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये कार्ड आतून १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० पिक्सेलच काढतं आणि बाकीचं चित्र अंदाजाने भरतं. कोअरचं काम निम्म्याहून खाली येतं. फ्रेम जनरेशनच्या जाहिरातींना मात्र फार भाव देऊ नये. मूळ ३० फ्रेम असतील तर मधल्या कल्पित फ्रेम घालून आकडा ६० दिसेल, पण माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद ३० चाच राहतो, आणि हे तंत्र व्हीरॅमही खातं.

सेकंडहँड बाजारात, मग ती मुंबईची लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीची नेहरू प्लेस, माइनिंगमधून, म्हणजे आभासी चलन कमावण्याच्या कामातून, आलेली कार्डं अजून फिरतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं माइनिंग बंद केलं आणि ढिगाने कार्डं विकायला निघाली. चिप सतत चालल्याने सहसा मरत नाही. झिजतात ते पंखे, वाळतात ते उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड. अर्धा तास भारी गेम चालवून तापमान बघा, पंख्याच्या आवाजाला कान द्या. त्याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा: जुन्या चिपच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नवं नाव लिहून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली गेली आहे. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम नावाबरोबर चिप, कोअर आणि बसची रुंदी दाखवतो, कित्येकदा बनावट कार्ड ओळखूनही देतो. विक्रेता हे चालवून दाखवायला का-कू करत असेल तर सरळ पुढच्या दुकानात जावं.

कार्ड बसवताना ते प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये लावा. खालचा तितकाच लांब स्लॉट बऱ्याच स्वस्त बोर्डांवर आतून चारच लेनचा असतो. कंपनी बदलली असेल तर जुना ड्रायव्हर आधी काढून टाका. आणि मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच जोडा. ९४०० एफमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर पडदा काळाच राहील आणि चूक लगेच कळेल. पण प्रोसेसर ‘एफ’ नसलेला, साधा ९४०० असेल, तर अनेक बोर्डांवर तिथेही चित्र दिसतं, गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रखडत चालतो आणि नवं कार्ड शेजारी नुसतं बसून राहतं.