जिओकॅशिंग : स्काउट पथके आणि एपिंगचे जंगल

जिओकॅशिंग हा कुणीतरी लपवून ठेवलेला डबा जीपीएसच्या मदतीने हुडकून काढण्याचा मैदानी खेळ आहे. लपवणारा जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. शोधणारा तिथे पोचतो, डब्यातल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तिथेच ठेवतो. मराठीत याला रूढ शब्द नाही. ‘खजिनाशोध’ म्हणावे, तर डब्यात निघते काय? किचेन, दोन गोट्या, एखादा प्लास्टिकचा बेडूक. त्यातले काही उचलले तर तेवढ्याच मोलाचे काही ठेवायचे, असा संकेत आहे.

अमेरिकी सरकार नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती २ मे २००० रोजी बंद झाली. तोवर शंभरेक मीटर हुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे ठिकाण इंटरनेटवर कळवले. बादलीत पुस्तके, गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा बंद डबा होता. आजच्या नियमांत जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरायला बंदी आहे, खाद्यपदार्थ तर चालतच नाहीत. त्यामुळे खेळाची ही मूळ बादली आज मान्यच झाली नसती. अर्थात डबे लपवण्याची हौस याहून जुनी. इंग्लंडमधल्या डार्टमूरवर १८५४ पासून ‘लेटरबॉक्सिंग’ चालत आले आहे, तेही उपग्रहांशिवाय.

स्काउटांना हा खेळ परका वाटला नाही. माग काढणे, नकाशा वाचणे, खुणा ओळखणे हे त्यांचे जुनेच शिक्षण. अमेरिकेतल्या स्काउट संघटनेने २०१० मध्ये जिओकॅशिंगचे स्वतंत्र पदकच सुरू केले. ब्रिटनमध्ये या खेळाला साजेशी जागा म्हणजे लंडनच्या ईशान्येला, चिंगफर्डजवळचे गिलवेल पार्क. १९१९ पासून ते स्काउटांच्या ताब्यात आहे. तिथे मुक्कामाची आणि साहसी खेळांची सोय आहे, आणि शेजारीच एपिंग फॉरेस्ट सुरू होते.

या जंगलाचा इतिहास डबा लपवणाऱ्याच्या पथ्यावर पडणारा आहे. १८७८ च्या कायद्यापर्यंत आसपासच्या गावकऱ्यांना सरपणासाठी फांद्या तोडण्याचा हक्क होता. गुरांनी नवे कोंब खाऊ नयेत म्हणून झाड डोक्याच्या वर छाटत. त्यामुळे बीच, ओक आणि हॉर्नबीमची जुनी खोडे गाठाळ, फुगीर आणि पोकळ झाली आहेत. ढोलीच ढोली!

पथक सहसा चार-सहा जणांच्या टोळ्या करते. एका टोळीला एक यंत्र, आणि ते आळीपाळीने हातात घ्यायचे. ठिकाण अंश आणि मिनिटांत दिलेले असते, मिनिटाला तीन दशांश स्थळे. अक्षांशातला शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा १.८५ मीटर सरकते. पण दाट पानांखाली, विशेषतः पाने ओली असताना, संकेत क्षीण होतात, खोडांवर आदळून वळतात आणि पडद्यावरचा बाण भोवऱ्यासारखा फिरू लागतो. खरा खेळ इथून पुढचा. मुरलेला पथकनायक सांगतो, यंत्र खिशात घाला आणि बघा. वाऱ्याने पडलेल्या काटक्या कशाही पडतात. पाच-सहा काटक्या एकाच दिशेने नीट रचलेल्या दिसल्या, की त्याखाली डबा असण्याची शक्यता दाट.

खेळ माहीत नसलेल्या वाटसरूंना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. त्यांच्यासमोर डबा काढायचा नसतो. वीस मुले एका झाडाभोवती ओरडत असताना हे गुपित कितपत राहते, ते सोडा. डब्यावर ओळखपट्टी मात्र हवीच. २०११ मध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा बॉम्ब समजून बॉम्बनाशक पथकाने उडवून दिला होता.

डबा ठेवण्याआधी जागामालकाची परवानगी लागते. एपिंगची जुनी झाडे संरक्षित आहेत. तिथे खिळा ठोकायचा नाही, साल ओढायची नाही. आणि ढोलीत हात घालण्याआधी विजेरीचा झोत टाकायचा, कारण आत वटवाघळे झोपलेली असू शकतात.