यादीच्या मधोमध नोंद घालायची कशी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सांगलीत हळदीच्या सौद्यासाठी लॉटची यादी वेब सेवेवर ठेवायची म्हटली, तर शेवटी लॉट जोडायला कुणाची ना नाही. तिसऱ्या जागी नवा लॉट घालायचा म्हटला की वाद सुरू होतो.

वेबवर विनंती आणि उत्तर कसे पाठवायचे ते एचटीटीपी ठरवते. 1997च्या एचटीटीपी 1.1 मानकात पुट (दिलेल्या पत्त्यावर नोंद ठेवणे) आणि पोस्ट (नवी नोंद पाठवणे) या विनंत्यांसोबत पॅचचाही (नोंदीचा काही भाग बदलणे) उल्लेख होता. 1999च्या सुधारणेत तो वगळला गेला आणि थेट 2010 साली स्वतंत्र मानक होऊन परतला. मधल्या काळात ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. कुणी /lots/2 वर, म्हणजे यादीतल्या तिसऱ्या जागेच्या पत्त्यावर, पुट करून लॉट घातला. हे चूकच. पुटची अट अशी की तीच विनंती दहादा आली तरी परिणाम एकदा आल्यासारखाच हवा. नोंद मधे घातली की मागचे सगळे लॉट सरकतात. दुसऱ्यांदा घातली की तोच लॉट दोनदा दिसतो.

खरा घोळ 2013च्या जेसन पॅचने घातला. जेसन या मांडणीत लिहिलेल्या माहितीत नेमके काय बदलायचे, हे सांगायचे ते मानक. त्यातली ‘ॲड’ क्रिया ऑब्जेक्टवर (नाव आणि किंमत अशा जोड्यांवर) चालवली आणि ते नाव आधीच असले, तर जुनी किंमत पुसली जाते. ॲरेवर, म्हणजे क्रमवार यादीवर, मात्र काहीच पुसत नाही. दिलेल्या जागेपासूनच्या नोंदी एकेक घर पुढे सरकतात. मोजणी शून्यापासून, म्हणून /lots/2 ही तिसरी जागा. शेवटी जोडायचे तर आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ. यादीच्या लांबीपेक्षा मोठा आकडा दिला तर चूक. एकाच क्रियेला दोन स्वभाव देण्याऐवजी ‘इन्सर्ट’ वेगळी ठेवली असती तर बिघडले नसते. यार्डात रेंज गेली, उत्तर आले नाही, मोबाइलने विनंती पुन्हा पाठवली, की यादीत जुळे लॉट.

2014च्या मर्ज पॅच या जेसन बदलायच्या दुसऱ्या मानकात हा प्रश्नच नाही, कारण तिथे अख्खा ॲरे बदलावा लागतो. एका लॉटसाठी सगळी यादी पाठवायची, ही सोय म्हणायची तर म्हणा.

अलीकडे आकडाच टाळून ‘अमुक आयडीच्या लॉटनंतर’ असे सांगण्याकडे कल आहे. आकडाच हवा असेल तर इफ-मॅच हेडर (विनंतीसोबत जाणारी अट) 1997पासून आहे, फक्त वापरायचा कंटाळा. यादीच्या आवृत्तीची खूण त्यात पाठवायची. मधल्या वेळेत दुसऱ्या अडत्याच्या माणसाने यादी बदलली असेल तर सर्व्हर 412 हा ‘अट जुळत नाही’ असा नकार देतो आणि ताजी यादी मागवून जागा नव्याने ठरवावी लागते.