नॉरएथिस्टेरॉन

नॉरएथिस्टेरॉन हे प्रयोगशाळेत बनवलेले, प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक आहे. अशा संप्रेरकांना प्रोजेस्टिन म्हणतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढते, गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते आणि गर्भ राहिला नाही तर ओसरते. मग पाळी येते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन गिळले तर बरेचसे यकृतातच मोडून जाते. त्यामुळे पोटातून घेता येईल आणि तरीही प्रभावी राहील, असा रेणू रसायनशास्त्रज्ञांना हवा होता.

तो १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीत तयार झाला. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांत्झ यांच्या मार्गदर्शनाखाली लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याने ते काम तडीस नेले. सिंटेक्सच्या संप्रेरकांचा कच्चा माल होता मेक्सिकोच्या जंगलातला, आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. पुढे याच रेणूने गर्भनिरोधक गोळीचा पाया घातला, तरी मिरामोंतेसचे नाव फारसे घेतले जात नाही, हे अन्यायाचेच आहे.

अंगावरून जास्त जाणे, अनियमित रक्तस्राव आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) यांवर हे औषध देतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयाचे अस्तर बेसुमार वाढू नये म्हणूनही ते जोडीला असते. फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गर्भनिरोधक गोळीत त्याची मात्रा ०.३५ मिलिग्रॅम इतकी अल्प असते.

महाराष्ट्रात मात्र ते ओळखले जाते ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून. गौरी-गणपती, घरातले लग्न, सत्यनारायण जवळ आला की मेडिकलमधून परस्पर पाकीट आणले जाते, कधी सासू किंवा जाऊच आणून देते. एरवी डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधीपासून देतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन ती मागे सरत नाही, आणि ढकलण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही.

डॉक्टरांना विचारणे टाळू नये, याला ठोस कारण आहे. एवढ्या मात्रेत औषधाचा थोडा अंश शरीरात एथिनिलइस्ट्रॅडिऑल या कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो. पूर्वी गुठळी झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रीने ही गोळी घेऊ नये. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा एकाएकी दम लागला, तर गोळी थांबवून तडक रुग्णालय गाठावे आणि काय घेत होतो ते तिथे सांगावे.