मधुमेह घराण्यात उतरतो तो कसा : एका शोधाची पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांचे, दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे आईवडिलांच्या बीजातल्या दोषामुळे जन्मासोबत आलेला. दुसरा अपथ्यनिमित्त, चुकीच्या आहारातून उपजलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निरीक्षण थक्क करणारं आहे, आणि म्हणूनच ‘हेच आजचे टाइप १ आणि टाइप २’ असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नये. गेल्या शंभर वर्षांत जे हाती आलं, त्यात घराण्यातून अधिक ठळकपणे उतरणारा मधुमेह निघाला तो टाइप २, म्हणजे प्रौढ वयात, बहुधा वाढत्या वजनासोबत येणारा. बीज एका रोग्यात आणि अपथ्य दुसऱ्यात, अशी वाटणी करता येत नाही. हे कळायला फार वेळ लागला, आणि तोवर बऱ्याच माणसांच्या माथी नको ते दोष मारले गेले.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत स्वादुपिंडातून इन्सुलिन हाती आलं, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्या रोग्याला टोचलं गेलं. यानंतर सगळ्यांनी धरलेलं समीकरण सोपं होतं : इन्सुलिन कमी पडलं की मधुमेह.

या समीकरणाला पहिला तडा दिला लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी. १९३६ साली त्यांनी मांडलेला प्रयोग आजही वाचताना आनंद होतो, इतका तो साधा आहे. रोग्याला साखरेचं पाणी आणि इन्सुलिन एकाच वेळी द्यायचं आणि रक्तातली साखर मोजत राहायचं. काहींची साखर आटोक्यात राहिली. काहींची इन्सुलिन टोचूनही चढतच गेली. म्हणजे दुसऱ्या गटात इन्सुलिन हजर होतं, पण शरीर त्याला दाद देत नव्हतं. इन्सुलिन प्रतिरोध ही कल्पना इथे जन्मली. पण रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजण्याचं साधनच नव्हतं, त्यामुळे ती वीसेक वर्षं बाजूला पडून राहिली. ते साधन रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं, आणि प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आढळलं. यालोंना १९७७ मध्ये या पद्धतीसाठी नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

आनुवंशिकतेचा धागा या सगळ्या काळात वेगळाच चालला होता. मधुमेह घराण्यात चालतो हे डॉक्टरांना पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतं, पण तो कोणत्या नियमाने उतरतो यावर एकमत होईना. कुणी म्हणे एकच प्रच्छन्न जनुक (दोन्ही पालकांकडून आलं तरच रोग देणारं), कुणी म्हणे प्रभावी (एकाकडून आलं तरी पुरे), कुणी म्हणे अनेक. मधुमेह म्हणजे जनुकशास्त्रज्ञाचं दुःस्वप्न, असं अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी म्हटलं ते उगाच नाही. घोटाळ्याचं मूळ साधं होतं : वेगवेगळे आजार एकाच नावाखाली मोजले जात होते.

याच नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळ आणि सुकाळ आलटून पालटून येत असताना, खाल्लेलं चटकन साठवणारं शरीर तगलं. तेच शरीर रोजच्या भरल्या ताटासमोर आजारी पडतं. कल्पना देखणी होती, आणि तिचा देखणेपणाच पुढे घातक ठरला. अॅरिझोनातल्या पिमा लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक गणलं जाई. १९६० च्या दशकापासून त्यांचा सतत अभ्यास झाला आणि काटकसरी जनुकाचं जितंजागतं उदाहरण म्हणून त्यांचं नाव पुस्तकापुस्तकांत गेलं. हे लोक हिला नदीच्या पाण्यावर शेती करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वळवलं, शेती बुडाली, आणि पुढे ताटात मैदा, साखर आणि चरबीचं सरकारी वाटप आलं. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात त्यांचेच रक्ताचे भाऊबंद कष्टाची शेती करत राहिले होते. दोन्हीकडची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली : अमेरिकेतल्या पिमांत टाइप २ मधुमेह ३८ टक्के, मेक्सिकोतल्या पिमांत ६.९ टक्के. हिरावलेल्या नदीची गोष्ट इतकी वर्षं जनुकाची गोष्ट म्हणून सांगितली गेली, याचा मला राग येतो. पिमांमध्ये जनुकीय कल नाही असं नाही. पण त्या कलाला रोगाचं रूप कशाने आलं, हे सांगताना नदी वगळणं ही अर्धवट माहिती झाली.

जनुकांचा वाटा किती, याचा पुरावा जुळ्यांकडून आला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात डेव्हिड पाइक आणि सहकाऱ्यांनी एकबीज, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या २०० जोड्या अभ्यासल्या आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या, म्हणजे टाइप १ च्या, १४७ जोड्यांपैकी ८० जोड्यांत दोघांनाही मधुमेह होता, ६७ जोड्यांत एकालाच. प्रौढ वयातल्या प्रकाराच्या ५३ जोड्यांपैकी तब्बल ४८ जोड्यांत दोघांनाही. सहज आणि अपथ्यज या जुन्या वाटणीला यापेक्षा मोठा धक्का नसेल. एक सावधगिरी मात्र हवी. दोघंही आजारी असलेली जोडी डॉक्टरांच्या नजरेत लवकर भरते. पुढे संपूर्ण लोकसंख्येतल्या जुळ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हे प्रमाण बरंच खाली आलं. शिवाय जुळी एकाच गर्भाशयात वाढतात. गर्भातलं कुपोषण पुढच्या मधुमेहाची जमीन तयार करतं, असं हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलं, आणि ‘जन्मजात’ असलेलं सगळंच जनुकातलं नसतं हे त्यानंतर गांभीर्याने घेतलं गेलं.

टाइप १ चं कोडं त्यामानाने लवकर उलगडू लागलं. १९७० च्या दशकात त्याचा संबंध रोगप्रतिकारशक्तीच्या एचएलए जनुकांशी जुळला आणि तो शरीरानेच स्वतःच्या बीटा पेशींवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, केलेला हल्ला आहे हे स्पष्ट होत गेलं.

टाइप २ आणि इन्सुलिन प्रतिरोधाचं तसं झालं नाही. १९८५ मध्ये इन्सुलिन ग्राहकाचं, म्हणजे पेशीवर इन्सुलिन पकडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक वाचलं गेलं आणि काही वर्षांतच त्यातले बिघाड सापडले, पण ते अतितीव्र प्रतिरोध असलेल्या मोजक्या रोग्यांत. नेहमीच्या रोग्यांत हे जनुक धडधाकट निघालं. मग २००६ मध्ये आइसलँडच्या एका चमूला टीसीएफ७एल२ हे जनुक गवसलं. सामान्य टाइप २ मधुमेहाशी इतका ठाम संबंध असलेलं दुसरं जनुक अजूनही सापडलेलं नाही, आणि तरीही त्यातल्या धोकादायक बदलाची एक प्रत धोका जेमतेम दीडपटीपर्यंत नेते. २००७ पासून हजारो लोकांचा पूर्ण जनुकसंच चाळण्याची रीत सुरू झाली आणि मधुमेहाशी संबंधित ठिकाणं त्यात एकामागून एक सापडू लागली.

यातलं आश्चर्य असं की सुरुवातीची बहुतेक जनुकं इन्सुलिन प्रतिरोधाची नव्हतीच. ती बीटा पेशींची होती. विचार केला तर पटतं. प्रतिरोध असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर मधुमेहाविना राहतात, कारण त्यांच्या बीटा पेशी जास्तीचं इन्सुलिन पुरवत राहतात. ज्यांच्या पेशींची ताकद मुळातच बेताची, ते या ओझ्याखाली आधी वाकतात. प्रतिरोधाची जनुकं शोधण्यासाठी इन्सुलिन, चरबी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला एक स्निग्ध पदार्थ) यांची मापं एकत्र पाहावी लागली. २०१७ मध्ये अशी ५३ ठिकाणं एकत्र मांडली गेली, आणि त्यांनी बोट दाखवलं कंबरेखालच्या, त्वचेखालच्या चरबीकडे. या जनुकांचा भार जास्त असलेल्यांची नितंब आणि पायांवर चरबी साठवण्याची क्षमता कमी असते. कोठार लहान, म्हणून उरलेली चरबी यकृतात आणि स्नायूंत जाते आणि तिथे इन्सुलिनचं काम अडवते. अंगाने बारीक माणसाला टाइप २ का होतो, याचं मला सर्वाधिक पटलेलं उत्तर हे आहे.

कधी एखादं जनुक एकट्यानेही मोठा घाव घालतं. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत टीबीसी१डी४ जनुकाचा एक बिघाड २०१४ मध्ये सापडला. त्याच्या दोन प्रती असणाऱ्यांच्या स्नायूंना साखर नीट उचलता येत नाही, आणि त्यांच्यात मधुमेहाची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. इतर बहुतेक समाजांत हा बिघाड जवळपास नाहीच, म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या आधीच्या मोठमोठ्या अभ्यासांत तो दिसला नव्हता. २०२४ च्या सर्वांत मोठ्या अभ्यासात २५ लाखांहून अधिक लोक होते, त्यांतले सुमारे ४० टक्के बिगरयुरोपीय वंशाचे. जनुकसंचात ६११ ठिकाणं निघाली आणि त्यांची कामावरून आठ गटांत विभागणी झाली.

इतकी ठिकाणं म्हणजे रोग्याला हतबल करणारी यादी, असं वाटू शकतं. पण अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीतले आकडे पाहावेत. टीसीएफ७एल२ मधल्या धोकादायक बदलाच्या दोन प्रती असलेल्यांना, नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या गटात, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त धोका होता. आहार आणि व्यायाम बदललेल्या गटात हा फरक जवळजवळ पुसला गेला.

एकाच जनुकाच्या मधुमेहात मात्र जनुक कळण्याने थेट औषध बदलतं. तरुण वयात सुरू होणारा, पिढ्यान्‌पिढ्या सलग उतरणारा सौम्य मधुमेह ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये वेगळा काढला. त्याचं पहिलं जनुक, ग्लुकोकायनेज, १९९२ मध्ये सापडलं. त्या प्रकारात बहुधा औषधच लागत नाही. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या चमूने अगदी तान्ह्या वयात होणाऱ्या मधुमेहाचं एक कारण शोधलं : बीटा पेशीतल्या पोटॅशियम मार्गाच्या जनुकातला बिघाड. हा मार्ग बंद झाला की पेशी इन्सुलिन सोडते, आणि तो बंद करणाऱ्या सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या कित्येक दशकं बाजारात होत्याच. २००६ मध्ये त्या ४९ रोग्यांना देऊन पाहिल्या आणि ४४ जणांची इन्सुलिनची सुई सुटली. तोवर ही मुलं टाइप १ समजून रोज टोचून घेत होती.

म्हणून सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघालेल्या प्रत्येकाची जनुकतपासणी करावी असं आज मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, मग तो रोगी आता मोठा झालेला का असेना. नेहमीच्या टाइप २ मध्ये या तपासणीची गरज नसते. पण घरात लागोपाठ पिढ्यांमध्ये पंचविशीच्या आत मधुमेह लागलेला असेल, माणसं सडपातळ असतील आणि टाइप १ च्या प्रतिपिंडांची (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची रक्तातली खूण) चाचणी नकारात्मक आली असेल, तर हा सगळा कुटुंबवृत्तांत डॉक्टरांपुढे मांडावा आणि तपासणीचं विचारावं.