राउटिंग दोषशोधन (सिम्युलेटरमधील जाळे)

सिम्युलेटरवर उभारलेल्या संगणक जाळ्यात पॅकेट (पत्ता लावलेला माहितीचा तुकडा) ठरल्या ठिकाणी पोचत नसेल, तर ते कोणत्या राउटरवर (जाळी जोडून पॅकेट पुढे देणाऱ्या यंत्रावर) आणि कशामुळे अडले हे शोधून काढण्याच्या कामाला राउटिंग दोषशोधन म्हणतात. खरे राउटर महाग असतात आणि चालू जाळ्यात हात घालून शिकता येत नाही. म्हणून कोल्हापुरात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारा विद्यार्थी हे काम पहिल्यांदा करतो ते बहुधा सिस्को पॅकेट ट्रेसरवर. पॅकेट ट्रेसर राउटरच्या वागण्याची नक्कल करतो, त्यात सगळे आदेश नसतात. जीएनएस३ मध्ये राउटरची खरी कार्यप्रणालीच आपल्या संगणकावर चालवता येते. दोष शोधण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे.

राउटरला पूर्ण वाट माहीत नसते. ‘या पत्त्यासाठी पुढे कोणाकडे द्यायचे’ एवढेच त्याच्या राउटिंग टेबलमध्ये असते. एकाच जाळ्याचा मार्ग दोन ठिकाणांहून कळला, तर ज्याचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग किती भरवशाचा ते सांगणारा आकडा, कमी तितका भरवसा जास्त) कमी तो टेबलमध्ये बसतो: सिस्कोच्या राउटरवर थेट जोडलेल्याचे ०, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक मार्गाचे १, ओएसपीएफचे ११०, रिपचे १२० (या दोन राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धती). पॅकेट आल्यावर टेबलमधली सर्वांत नेमकी नोंद, म्हणजे सर्वांत लांब मास्कची (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा ते मास्क सांगतो), वापरली जाते. आणि पिंगचे (पलीकडचा पोचतो का हे पाहण्याच्या चाचणी-पॅकेटचे) उत्तर हे वेगळे पॅकेट असते. जाताना लागलेली वाट त्याला आयती मिळत नाही. परतीच्या प्रत्येक राउटरवर त्याचा मार्ग नव्याने शोधला जातो. शिकणारे सर्वांत जास्त अडतात ते याच जागी.

उदाहरणासाठी तीन राउटर एका ओळीत जोडू आणि त्यांना कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज अशी नावे देऊ. कोल्हापूरमागचे जाळे १९२.१६८.१०.०, गडहिंग्लजमागचे १९२.१६८.३०.०, दोन्हींचा मास्क /२४. मधल्या दोन जोडण्या १०.०.०.०/३० आणि १०.०.०.४/३०. सगळे मार्ग स्टॅटिक. कोल्हापूरच्या पीसीवरून गडहिंग्लजच्या पीसीला पिंग केले, तर चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येते. विद्यार्थी लगेच कोल्हापूर राउटरचे आदेश पुसून पुन्हा लिहायला घेतो. पण दोष तिथे नाही. सिम्युलेशन मोडमध्ये एकेक पाऊल पुढे नेले, तर पाकीट (पॅकेटचे चित्र) कागल ओलांडून गडहिंग्लजच्या पीसीपर्यंत व्यवस्थित जाताना दिसते. उत्तर घेऊन निघालेले पाकीट मात्र गडहिंग्लज राउटरवर आल्याआल्या त्यावर लाल फुली पडते. पाकिटावर क्लिक केले की, या पत्त्याचा मार्ग टेबलमध्ये नाही म्हणून पॅकेट टाकून दिले, अशा अर्थाचे वाक्य समोर येते. टेबल उघडल्यावर तिथे ‘एस’ अक्षराची, म्हणजे स्टॅटिक मार्गाची, ओळ आहे, म्हणून वरवर सगळे ठीक वाटते. नीट वाचली की ती १९२.१६८.१.० ची निघते. टाइप करताना दहातले शून्य गळाले.

संदेशाचा मजकूर इथे फार कामाचा आहे. जाण्याच्या वाटेवरच मार्ग नसेल, तर तो राउटर पाठवणाऱ्याला तसे कळवतो आणि पीसीवर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ दिसते. कोणत्या पत्त्यावरून ते आले हेही दिसते, म्हणजे दोषाचा राउटर आपोआप सापडतो. परतीची वाट तुटली असेल, तर ती तक्रार उत्तर पाठवणाऱ्याकडे जाते. आपल्याला काहीच ऐकू येत नाही, फक्त वेळ संपते. त्यामुळे निव्वळ ‘टाइम्ड आउट’ आले की आधी पलीकडच्या टोकाचा राउटर पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. अर्थात पहिलेच पिंग हरवून पुढची पोचली, तर तो दोष नव्हे. एआरपीने (आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या पद्धतीने) पत्ता शोधण्यात तेवढा वेळ गेलेला असतो.

‘राउटरवरून पिंग जाते, पीसीवरून जात नाही’ ही तक्रारही याच घरातली. राउटर पिंग पाठवताना ज्या इंटरफेसमधून (जोडणीच्या टोकातून) पॅकेट बाहेर पडते त्याचा पत्ता लावतो. इथे कोल्हापूर राउटरचा तो पत्ता १०.०.०.१. गडहिंग्लजला १०.०.०.० चा मार्ग माहीत असेल, तर उत्तर येते; पण त्यावरून १९२.१६८.१०.० ची परतवाट आहे असे सिद्ध होत नाही. एक्स्टेंडेड पिंग वापरून मूळ पत्ता लॅनचा (राउटरमागच्या जाळ्याचा) द्यावा, मगच ती चाचणी खरी.

बाकी तपासणी वेगाने होते. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ने इंटरफेस चालू आहेत का ते पाहायचे: ‘नो शटडाउन’ (इंटरफेस सुरू करण्याचा आदेश) राहिले असेल, किंवा सीरिअल केबलच्या डीसीई (वेग ठरवणाऱ्या) टोकाला क्लॉक रेट दिलेला नसेल. पीसीचा डीफॉल्ट गेटवे (जाळ्याबाहेरचे पॅकेट ज्या राउटरकडे द्यायचे त्याचा पत्ता) पाहायचा. ट्रेसरूटमध्ये (वाटेतले राउटर एकेक दाखवणाऱ्या आदेशात) तेच दोन पत्ते आळीपाळीने येत राहिले, तर दोन राउटरांचे डीफॉल्ट मार्ग (दुसरी नोंद नसेल तेव्हाचे) एकमेकांकडे बोट दाखवत आहेत असे समजावे.

रिप वापरताना एक दोष हमखास चकवतो. कोल्हापूरला १७२.१६.१.० आणि गडहिंग्लजला १७२.१६.२.० दिले आणि मधे १०.०.०.० च्या जोडण्या ठेवल्या, तर रिपची पहिली आवृत्ती दोन्हीकडून नुसते १७२.१६.०.० असे जाहीर करते. कागलला एकाच जाळ्याच्या दोन सारख्या वाटा दिसतात आणि तिथून केलेली काही पिंग पोचतात, काही हरवतात. दुसरी आवृत्ती लावून ‘नो ऑटो-समरी’ (मार्ग आपोआप एकत्र करू नये) दिले की हे मिटते. ओएसपीएफमध्ये आधी ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ पाहावे. शेजारी दिसतच नसेल, तर एरिया (ओएसपीएफने जाळ्याचा पाडलेला भाग) क्रमांक, मास्क, आणि हॅलो-डेड वेळा (शेजाऱ्याला हॅलो किती वेळाने पाठवायचा आणि तो किती वेळ न आल्यास शेजारी गेला मानायचा; इथरनेटवर १० आणि ४० सेकंद) दोन्हीकडे जुळतात का ते तपासावे. तो ‘एक्सस्टार्ट’वर (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावर) अडून राहिला, तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसण्याचा संभव मोठा.

काही अडचणी जाळ्याच्या नसून हाताळणीच्या असतात. स्विचचा पोर्ट केशरी असताना पिंग करू नये. स्पॅनिंग ट्री (स्विचांमध्ये फेरा होऊ न देणारी यंत्रणा) त्याला सुमारे ३० सेकंद थांबवून ठेवते. राउटरमध्ये सीरिअल मॉड्यूल बसवण्यासाठी तो बंद करावा लागतो, आणि रनिंग कॉन्फिग (सध्या चालू असलेले आदेश) स्टार्टअपमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या प्रतीत) उतरवलेले नसेल तर तासाभराची मेहनत त्या एका बटणाने पुसली जाते. प्रात्यक्षिक परीक्षेत हे फार जिव्हारी लागते.

पर्यायी मार्गाचा सराव कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. जाळ्यात गारगोटी नावाचा चौथा राउटर कोल्हापूर आणि गडहिंग्लज दोन्हींना जोडावा, त्याला दोन्हीकडचे मार्ग द्यावेत, आणि कोल्हापूर व गडहिंग्लज या दोन्ही टोकांना डिस्टन्स १३० देऊन गारगोटीमार्गे राखीव स्टॅटिक मार्ग लिहावा. मग कोल्हापूर-कागल केबल काढावी. कोल्हापूरचा राखीव मार्ग लगेच टेबलमध्ये येतो, पाकीट गारगोटीवरून गडहिंग्लजला पोचते, तरी पिंग वेळ संपूनच परतते. गडहिंग्लजची स्वतःची कागलकडची जोडणी चालूच असल्याने तिथला जुना स्टॅटिक मार्ग हटलेला नसतो. उत्तर कागलपर्यंत जाते आणि पुढे केबल नाही म्हणून तिथेच पडते. लांबची तूट स्टॅटिक मार्गाला कळत नाही. स्टॅटिक मार्ग काढून चारही राउटरांवर ओएसपीएफ लावले आणि तीच केबल पुन्हा काढली, तर कागल ती बातमी गडहिंग्लजला देतो आणि उत्तरही गारगोटीवरून येऊ लागते.