सूर्य बुडाला, फोटो नाही

सूर्य बुडाला की फोटो संपला, हा समज कोकणात पक्का रुजलाय. गुहागरला बिंब पाण्याला टेकतं न टेकतं, तोच लोक चपलांतली वाळू झटकत गाडीकडे निघतात. खरा रंग तर पुढेच! सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत, म्हणजे इकडे 20-25 मिनिटं, उजेड पुरतो. सुरुवातीला उंचावरचे ढग खालून पेटतात. ओहोटी असेल तर कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणा. ओल्या वाळूत आभाळ उतरतं, तेव्हा क्षितिज मधोमध आलं तरी बिघडत नाही. तिरकं मात्र नको, समुद्र सांडल्यासारखा दिसतो. पुढ्यात मी खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या घेतो. होडी काय, सगळेच घेतात.