रेडिएटरच्या पोटातलं काळं पाणी

इंग्लंडात लीड्सला राहणाऱ्या पुतणीनं गेल्या हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पांढरी बादली आणि तीत दौतीतल्या शाईसारखं काळंकुट्ट पाणी. "काका, रेडिएटर वर गरम, खाली गार. प्लंबर म्हणतो, गाळ साठलाय. इथे नळाला इतकं घाण पाणी येतं का?"

नळ निर्दोष आहे. बादलीत होता तो तिचा रेडिएटरच, कणाकणानं झिजून पाण्यात उतरलेला.

तिकडच्या बहुतेक घरांत खोल्या उबदार ठेवण्यासाठी गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पोलादी रेडिएटरांतून फिरवून परत आणतो. वर्षानुवर्षं तेच पाणी. आता शाळेतला खिळ्यांचा प्रयोग आठवा. उकळून हवा घालवलेलं पाणी, वर तेलाचा थर; त्या परीक्षानळीतला खिळा गंजत नाही. मग बंद नळ्यांत कोंडलेल्या पाण्यात पोलाद कसं गंजतं?

आधी हिशेब करू. 10 अंश सेल्सिअसच्या ताज्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. घरात 100 लिटर पाणी धरलं तर तो झाला 1.1 ग्रॅम. त्यातून काळा गंज तयार होईल जेमतेम 4 ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही. बादली काळी करायला दुसरं काहीतरी हवं. कुठेतरी बारीक गळती असते, दाब उतरला की ताजं पाणी भरलं जातं आणि प्रत्येक वेळी नवा ऑक्सिजन आत येतो, हे एक कारण.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. विरघळलेला ऑक्सिजन संपला तरी लोखंड थांबत नाही, ते पाण्याच्या रेणूतलाच ऑक्सिजन ओढून घेतं. आधी फेरस हायड्रॉक्साइड बनतं. मग त्याच्या तीन भागांमधून मॅग्नेटाइटचा, म्हणजे त्या काळ्या गंजाचा, एक, पाण्याचे दोन आणि हायड्रोजनचा एक रेणू बाहेर पडतो. ही शिकॉर अभिक्रिया. पाणी गरम असलं की तिला वेग येतो, आणि इथे तर ते तापवण्यासाठीच आहे! तांबडा गंज म्हणजे भरपूर हवा, काळा गंज म्हणजे हवेची टंचाई. रेडिएटर उलटा, म्हणजे वर गार आणि खाली गरम असेल, तर माथ्याशी वायू साठलाय. तो चावीनं सोडताना जवळ काडी ओढू नका. हवेऐवजी हायड्रोजनही असू शकतो.

मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड, म्हणून तळाशी बसतं. शिवाय चुंबकाला चिकटतं. त्याच्या स्फटिकात लोहाचे अणू दोन प्रकारच्या जागांवर असतात आणि त्या दोन गटांची चुंबकत्वं परस्परविरोधी दिशांना असतात. फेरिक आयन (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले लोहाचे अणू) दोन्हीकडे सारखे वाटलेले, त्यामुळे त्यांची वजाबाकी शून्य. फेरस आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) एकाच गटात, त्यांना काटायला समोर कुणी नाही. उरलेलं चुंबकत्व त्यांचं. याला फेरिचुंबकत्व म्हणतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी 1948 साली ते उलगडलं. 1970 चं नोबेल त्यांच्या चुंबकत्वावरच्या कामालाच मिळालं.

म्हणूनच बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर चुंबकाचा फिल्टर बसवतात. आपल्याकडे 'चुंबकीय पाण्या'च्या बाटल्या विकणाऱ्यांनी यावरून हुरळून जाऊ नये. फिल्टर पकडतो तो लोहाचा कण. निव्वळ पाण्याला चुंबक किंचित दूरच ढकलतो, आणि बाटली बाजूला केली की तेवढाही परिणाम उरत नाही.

साचलेला गाळ काढायला 'पॉवर फ्लश' करतात. नाव जोरदार असलं तरी दाब कमी आणि प्रवाह मोठा ठेवतात. गाळ सुटा करणारं रसायन घालून बाहेरच्या पंपानं पाणी एकदा सुलट, एकदा उलट फिरवायचं. एकेका रेडिएटरची पाळी आली की बाकीचे बंद, आणि त्याच्या तळाशी रबरी हातोडीचे ठोके. पाणी नितळ येईपर्यंत हेच. पण घाण पाण्याच्या जागी भरलेलं हे ताजं पाणी नवा ऑक्सिजन घेऊन आलेलं असतं, म्हणून शेवटी गंजरोधक रसायन घालावंच लागतं. ब्रिटिश मानक बीएस 7593 च्या 2019 च्या आवृत्तीत फिल्टर बसवायला आणि हे रसायन दरवर्षी तपासायला सांगितलं आहे.

जुन्या रेडिएटरात सुईएवढं भोक गाळानंच बुजलेलं असतं. धुतलं की ते मोकळं होतं. पुतणीच्या जिन्याखालचा रेडिएटर फ्लशनंतर दुसऱ्याच दिवशी ठिबकायला लागला. तो बदलावा लागला. बाकीचे खालपर्यंत गरम आहेत.